एक नोड, आठ व्होल्ट: लिनिअर सर्किट समजून घेताना

शेजारची मुलगी रोज ठाण्याहून नेरूळला कॉलेजला जाते. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तेव्हा एका रविवारी वही घेऊन आमच्याकडे आली. वही देखणी होती. मेश निळ्या शाईत, नोडल हिरव्या शाईत, मग सुपरपोझिशन, थेव्हेनिन, नॉर्टन, सोर्स ट्रान्स्फॉर्मेशन, प्रत्येकाच्या पायऱ्या ओळीने लिहिलेल्या. "काकू, मेथड सगळ्या येतात हो," ती म्हणाली, "पण पेपरात गणित आलं की कुठली लावायची तेच सुचत नाही."

मी वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं काम करते आहे. आमच्याकडे नव्याने येणारी मुलंही हीच अडचण घेऊन येतात. हे सहा धडे त्यांना सहा वेगळे विषय वाटतात. मुळात भांडवल थोडंच आहे: किरचॉफचे दोन नियम, ओहमचा एक, आणि सर्किटचा एक गुणधर्म. तो गुणधर्म म्हणजे सर्किट लिनिअर असणं. पुस्तकात तो पहिल्या काही पानांत एका व्याख्येत येऊन जातो आणि पुढे कुणी त्याचं नाव काढत नाही. माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच होतो. म्हणून त्या दिवशी वही बाजूला ठेवून आम्ही एकच सर्किट घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्यालाच धरून बसलो. तेच इथे मांडते आहे.

आधी नियम. गुस्ताफ किरचॉफने ते १८४५ साली मांडले तेव्हा तो कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात विद्यार्थी होता, वय २१. म्हणजे आज केटीचे फॉर्म भरणाऱ्या मुलांहून फार मोठा नव्हता.

पहिला नियम करंटचा. ठाण्याहून सुटलेली लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते. तिथून पुढे रूळ फुटतात, एक वाट सानपाडा-वाशीकडे जाते, दुसरी जुईनगर-नेरूळकडे. ठाण्याकडून जितक्या गाड्या तुर्भ्यात शिरल्या तितक्याच या दोन वाटांनी मिळून बाहेर पडायला हव्यात. सर्किटमध्ये अशा सांध्याला नोड म्हणतात. फरक एवढाच, की स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबू शकते, माणसं फलाटावर साचू शकतात. नोडला फलाट नसतो. आत आलेला करंट त्याच क्षणी बाहेर गेलाच पाहिजे.

दुसरा नियम व्होल्टेजचा. ठाण्यातल्या उपवन तलावापासून येऊरच्या डोंगरावर चढा, वर हवं तितकं हिंडा, कुठल्याही वाटेने खाली या. परत तलावाच्या काठाशी आलात की चढलेली उंची आणि उतरलेली उंची यांचा हिशेब शून्य. सर्किटमध्ये कुठल्याही बंद वाटेने फिरून मूळ जागी आलात की व्होल्टेजच्या चढ-उतारांची बेरीज शून्य येते, ती याच कारणाने. इथे आणखी एक गोष्ट हाताला लागते. "येऊर किती उंच?" असं कुणी विचारलं, तर आपण आधी विचारायला हवं, "कुठून?" उपवनपासून की समुद्रसपाटीपासून? एकट्या बिंदूला व्होल्टेज नसतं. ते नेहमी दोन बिंदूंमधलं असतं. म्हणून आपण एक बिंदू शून्य धरतो, त्याला ग्राउंड म्हणतो, आणि बाकी सगळ्यांची उंची तिथून मोजतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना 'विभवांतर' हा शब्द आठवत असेल. त्यातलं 'अंतर' ही गोष्ट अगदी नेमकी सांगतं.

तिसरा ओहमचा नियम, १८२७ सालचा: रेझिस्टरवरचं व्होल्टेज भागिले त्याचा रेझिस्टन्स म्हणजे त्यातून जाणारा करंट. हा सगळ्यांना येतो, पुढे जाऊ.

आता ते सर्किट. कागदाच्या खालच्या बाजूला एक आडवी तार काढा, ती ग्राउंड. वरती मधोमध एक ठळक ठिपका, तो आपला नोड. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिचं धन टोक २ ओहमच्या रेझिस्टरमधून नोडला. उजवीकडे ६ व्होल्टची बॅटरी, तिचं धन टोक ३ ओहममधून त्याच नोडला. आणि नोडपासून सरळ खाली ग्राउंडला ६ ओहमचा रेझिस्टर. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं ग्राउंडला. झालं.

नोडचं व्होल्टेज माहीत नाही, त्याला 'व' म्हणू. डावीकडून आत येणारा करंट, उजवीकडून आत येणारा करंट, यांची बेरीज खाली जाणाऱ्या करंटइतकी:

(१२ − व) ÷ २ + (६ − व) ÷ ३ = व ÷ ६

दोन्ही बाजूंना ६ ने गुणलं की ३६ − ३व + १२ − २व = व. म्हणजे ६व = ४८, आणि व = ८ व्होल्ट.

हेच नोडल अ‍ॅनालिसिस. किरचॉफचा पहिला नियम लिहिताना करंटच्या जागी ओहमचा नियम घातला, बाकी काही केलं नाही.

आता करंट काढू. डावीकडून (१२ − ८) ÷ २ = २ अँपिअर. खाली ८ ÷ ६ = १.३३ अँपिअर. उजवीकडून (६ − ८) ÷ ३ = उणे ०.६७ अँपिअर. इथे तिचा पेन थांबला. "उणे आलं, काहीतरी चुकलं," म्हणाली आणि खोडायला निघाली. मी हात धरला.

काहीच चुकलेलं नव्हतं. करंट उजव्या बॅटरीतून नोडकडे येतो असं आपण नुसतं धरून चाललो होतो. नोड ८ व्होल्टवर, बॅटरी ६ वर. पाणी उंचावरून खाली येतं, तसा करंट नोडकडून बॅटरीत शिरतो आहे. ती ६ व्होल्टची बॅटरी चार्ज होते आहे! उणे चिन्हाने आपल्याला ही बातमी दिली आणि आपण ती खोडायला निघालो होतो. बाणाची दिशा मनाला येईल ती धरा, पण एकदा धरली की गणित संपेपर्यंत बदलू नका. चुका होतात त्या उणे आल्यामुळे होत नाहीत, मध्येच बाण फिरवल्यामुळे होतात. वह्या तपासताना ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते, आणि हुशार मुलांच्या वहीत अधिक, कारण त्यांना उत्तराची दिशा आधीच जाणवलेली असते.

आता लिनिअर या शब्दाकडे येते. उजवी बॅटरी काढा आणि तिच्या जागी साधी तार जोडा. डाव्या बॅटरीमुळे एकटीने नोडवर किती व्होल्ट येतात? वरच्याच समीकरणात ६ च्या जागी शून्य घाला, ३६ = ६व, म्हणजे ६ व्होल्ट. आता उलटं करा, १२ च्या जागी शून्य: १२ = ६व, म्हणजे २ व्होल्ट. सहा आणि दोन, आठ. सुपरपोझिशन म्हणतात ते एवढंच.

पण हे जुळलं का, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. समीकरण बॅटऱ्यांचे आकडे न घालता सोडवलं तर असं मिळतं:

व = डाव्या बॅटरीचं १/२ + उजव्या बॅटरीचं १/३

संपूर्ण सर्किटचं मर्म या एका ओळीत आहे. प्रत्येक सोर्सला, म्हणजे इथे प्रत्येक बॅटरीला, एक ठरलेला वाटा आहे. तो वाटा फक्त रेझिस्टरवर ठरतो, दुसऱ्या सोर्सवर नाही. डावी बॅटरी दुप्पट, २४ व्होल्टची केली तर तिचा हिस्सा ६ चा १२ होईल, उजवीचा हिस्सा जिथल्या तिथे २ राहील, नोड १४ व्होल्टवर जाईल. करून बघायची गरजसुद्धा नाही. दुप्पट घातलं की त्याचा परिणाम दुप्पट, आणि दोघांचा परिणाम म्हणजे दोघांच्या वेगवेगळ्या परिणामांची बेरीज. या दोन गोष्टी ज्या सर्किटमध्ये खऱ्या ठरतात ते लिनिअर.

सोर्स 'बंद' करताना व्होल्टेज सोर्सच्या (ठरलेलं व्होल्टेज देणाऱ्या, बॅटरीसारख्या) जागी तार का आणि करंट सोर्सच्या (ठरलेला करंट देणाऱ्या) जागी मोकळी जागा का, हे मुलं पाठ करतात आणि परीक्षेत उलटं लिहून येतात. पाठ करायचं काही नाही. शून्य व्होल्टचा सोर्स म्हणजे ज्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरकच नाही, अशी तर तार असते. शून्य अँपिअरचा सोर्स म्हणजे ज्यातून करंट जातच नाही, ती तुटलेली वाट. मात्र डिपेंडंट सोर्स कधी बंद करायचा नसतो. तो स्वतःच्या मर्जीने काही देत नाही, सर्किटमधल्या दुसऱ्या कुठल्या तरी व्होल्टेजची किंवा करंटची नक्कल करतो.

आणि पॉवर? मधल्या ६ ओहममध्ये खर्च होणारी पॉवर ८ × ८ ÷ ६, म्हणजे १०.६७ वॉट. आता वेगवेगळी काढा. डाव्या बॅटरीची एकटीची ६ × ६ ÷ ६ = ६ वॉट, उजवीची २ × २ ÷ ६ = ०.६७ वॉट. बेरीज ६.६७. चार वॉट कुठे गेले? शाळेतलं (अ + ब) चा वर्ग आठवा. मधलं दोन अ ब आपण सोडून दिलं: २ × ६ × २ ÷ ६ = ४. पॉवरमध्ये व्होल्टेजचा वर्ग येतो, म्हणून पॉवर लिनिअर नाही. आधी व्होल्टेज किंवा करंट यांची बेरीज पूर्ण करा, पॉवर सगळ्यांत शेवटी काढा.

मेशने, म्हणजे सर्किटमधली प्रत्येक बंद चौकट ही एक खिडकी धरून, हेच गणित केलं असतं तर दोन खिडक्या, दोन अज्ञात करंट, दोन समीकरणं. नोडलने एकातच काम झालं. म्हणून तिच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं: पेपर हातात आला की आधी ज्यांचं व्होल्टेज माहीत नाही ते नोड मोजा, ग्राउंड सोडून. मग खिडक्या मोजा. जे कमी ते करा. दोन नोडच्या मध्ये नुसती बॅटरी असेल तर ते दोघे मिळून सुपरनोड, एक अज्ञात आणखी कमी. यापलीकडे निवड करण्यात फार काही नाही.

थेव्हेनिनवर मात्र थांबायला हवं, कारण घरात, कारखान्यात, रोजच्या कामात तोच भेटतो.

मधला ६ ओहम उचलून बाजूला ठेवा. आता उघड्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट दिसतील? (१२ − व) ÷ २ + (६ − व) ÷ ३ = ०, म्हणजे ९.६ व्होल्ट. दोन्ही बॅटऱ्यांच्या जागी तार ठेवून त्याच टोकांतून आत पाहिलं तर २ आणि ३ ओहम पॅरलल (समांतर), २ × ३ ÷ ५ = १.२ ओहम. हाच थेव्हेनिन रेझिस्टन्स. आता दोन बॅटऱ्या, दोन रेझिस्टर विसरून जा. त्यांच्या जागी ९.६ व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्या पुढे १.२ ओहम, एवढंच समजा. ६ ओहम परत जोडला तर ९.६ × ६ ÷ ७.२ = ८ व्होल्ट. तोच आकडा. ६ ओहमच्या बाजूने बघितलं तर आत खरोखर काय दडलंय ते ओळखायला काही मार्गच नाही. आत दोन सोर्स असोत की दोनशे, सर्किट लिनिअर असेल तर दोन टोकांबाहेर फक्त दोन आकडे पोचतात.

हे किती मोठं आहे! लिओन थेव्हेनिन फ्रान्सच्या तार खात्यात इंजिनीअर होता, त्याने हे १८८३ मध्ये मांडलं. त्याच्या तीस वर्षं आधी, १८५३ मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने हेच सांगून ठेवलं होतं. त्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली. बॅटरीऐवजी करंट सोर्स आणि शेजारी पॅरलल रेझिस्टर घेऊन हेच चित्र काढलं की त्याला नॉर्टनचं नाव लागतं, ते १९२६ सालचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चरईच्या घरी गिझर चालू केला की पंखा किंचित मंदावायचा. आमची इमारत जुनी, वायरिंगही जुनं. मी मीटर लावून पाहिलं. थर्मोस्टॅटने कॉइल तोडलेली असताना गिझरच्या टर्मिनलवर २३१ व्होल्ट. कॉइल चालू झाली की २२६. गिझर २३० व्होल्टला २००० वॉटचा, म्हणजे कॉइल साधारण २६.५ ओहमची, आणि करंट २२६ ÷ २६.५, सुमारे साडेआठ अँपिअर. पाच व्होल्ट कमी झाले, साडेआठ अँपिअरला. भागाकार करा: जवळजवळ ०.६ ओहम. कोपऱ्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरपासून माझ्या न्हाणीघरापर्यंतची सगळी केबल, मीटर, फ्यूज, स्विच, प्रत्येक स्क्रू, या सगळ्यांचा मिळून थेव्हेनिन रेझिस्टन्स एवढा.

०.६ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ५ व्होल्ट गुणिले साडेआठ अँपिअर म्हणजे ४० वॉटच्या वर उष्णता वाटेतच कुठेतरी निघत होती. ती सगळ्या लांबीवर पसरली असती तर चिंता नव्हती. मी गिझरच्या स्विचवर बोट ठेवलं तर तो कोमट नव्हता, चांगला गरम होता. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तेव्हा स्विचमागचा एक स्क्रू सैल होता आणि वायरचं इन्शुलेशन तपकिरी पडलेलं. स्विच बदलला, वायरचं टोक कापून नवीन घेतलं, स्क्रू घट्ट आवळला. पुन्हा मोजलं तर २३१ चे २२९. म्हणजे पाचातले तीन व्होल्ट त्या एका सांध्यात जात होते. तीन व्होल्ट गुणिले साडेआठ, जवळपास २५ वॉट. बाजारात साधी सोल्डरिंग आयर्न मिळते ती अनेकदा २५ वॉटची असते. तेवढी उष्णता प्लॅस्टिकच्या डबीत, भिंतीच्या आत, रोज सकाळी. घरच्या २३० व्होल्टवर हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करू नये, हे मी तिला तीनदा सांगितलं. पण स्विच गरम लागला तर दुर्लक्ष करायचं नाही, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं.

याच ठिकाणी मॅक्झिमम पॉवर ट्रान्स्फरचाही उलगडा होतो. बाहेरचा रेझिस्टन्स आतल्या थेव्हेनिन रेझिस्टन्सएवढा केला की बाहेर जास्तीत जास्त पॉवर मिळते, पण तेवढीच पॉवर आतही जळते. अँटेनाकडून येणाऱ्या दुबळ्या सिग्नलसाठी ते चालतं. घराला वीज देताना कुणी असं करत नाही, अर्धी वीज केबल तापवण्यात जाईल.

लिनिअर हा शब्द खऱ्या जगात किती टिकतो, हेही बघायला हवं. आमच्या माळ्यावर १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब होता. २३० व्होल्टला १०० वॉट, म्हणजे हिशेबाने रेझिस्टन्स ५२९ ओहम. तिला म्हटलं, मीटर लावून मोज. ४० ओहमच्या आसपास आला! मीटर बिघडलेला नव्हता. फिलामेंट थंड होती. पेटल्यावर ती अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि टंगस्टनचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. असल्या बल्बला व्होल्टेज दुप्पट दिलं तर करंट दुप्पट होत नाही. डायोड आणि एलईडी तर याहून वेगळ्या वळणाचे. ठरावीक व्होल्टेजपर्यंत जवळजवळ काही नाही, मग थोडंसं वाढवलं की करंट उसळतो. यांना सुपरपोझिशन लावलं की उत्तर चुकणारच.

मग हे सगळं शिकायचं कशाला? कारण वाकडी रेषासुद्धा अगदी जवळून पाहिली तर सरळ दिसते. ट्रान्झिस्टर एका ठरावीक बिंदूवर चालू ठेवायचा आणि त्याच्या आजूबाजूला सिग्नल थोडासाच हलू द्यायचा, की तेवढ्या तुकड्यापुरता तो लिनिअर धरता येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात स्मॉल सिग्नल मॉडेल म्हणून जे येतं ते हेच, आणि त्यातली गणितं आपण वर केली त्याच तीन नियमांनी सुटतात. एसी सर्किटमध्ये कॉइल आणि कपॅसिटर येतात, रेझिस्टन्सच्या जागी कॉम्प्लेक्स संख्येतला इम्पिडन्स बसतो. पण नोड तोच, समीकरण त्याच आकाराचं.

दिवेलागणीच्या सुमारास तिला ९ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या दिल्या, एक नवी आणि एक घरातल्या मल्टिमीटरमधून काढलेली जुनी. सोबत ४७० ओहमचा रेझिस्टर. नवी मोकळी असताना ९.२ व्होल्ट, रेझिस्टर जोडल्यावर ९.०. जुनी मोकळी असताना ८.१. "ही पण बरी आहे की," म्हणत तिने रेझिस्टर जोडला आणि आकडा घसरत ६.१ वर आला.

तिने वहीतलं कुठलंही पान उलगडलं नाही. हातातल्या कागदाच्या कोपऱ्यात ६.१ ला ४७० ने भागलं, १३ मिलिअँपिअर. मग २ व्होल्टला त्याने भागलं आणि मला आकडा दाखवला: जुनीच्या पोटात सुमारे १५० ओहम, नवीच्या पोटात दहा.